मेंदू आणि मन तपासायला डॉक्टर कसे शिकतात?

माझा दवाखाना विश्रांतवाडीत आहे. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना 'येरवड्याच्या पुढे, आळंदी रस्त्याने या' असे म्हटले की समोरचा हमखास हसतो. येरवडा म्हटले की उभ्या महाराष्ट्राला दोनच गोष्टी आठवतात. एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. 'याला येरवड्याला पाठवा रे' हे वाक्य पुण्यातल्या शाळांत, कट्ट्यांवर आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण ज्याची आई किंवा भाऊ त्या भिंतीच्या आत आहे, त्याला ते लागते. असे नातेवाईक माझ्याकडे रक्तदाब आणि साखर तपासायला येतात, त्यामुळे मला ते ठाऊक आहे.

आज मी लिहिणार आहे ते थोड्या वेगळ्या विषयावर. डॉक्टर होणारी मुले मेंदूचे आणि मनाचे आजार ओळखायला नेमकी कशी शिकतात? हा विषय रुग्णांसाठी कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण मला हा प्रश्न रुग्णांनीच विचारला आहे. एका आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मोठ्या रुग्णालयात ठेवले होते. त्यांची मुलगी नंतर माझ्याकडे आली आणि जरा वैतागूनच म्हणाली, "डॉक्टर, सकाळपासून पाच पोरांनी बाबांच्या तळपायावर किल्ली ओढली. पाचही जणांनी 'आज वार कोणता' हेच विचारलं. ही शिकाऊ मुलं बघतात तरी काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

किती दिवस शिकवतात?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात पाठवतात. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग अशा विषयांच्या पाळ्या लागतात. यालाच आम्ही पोस्टिंग म्हणतो. माझ्या विद्यार्थिदशेत, म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी, मनोविकारशास्त्राचे पोस्टिंग दोन आठवड्यांचे होते. त्याची वेगळी परीक्षा नव्हती. मेडिसिनच्या पेपरात त्यावर एखादा प्रश्न येई. जे परीक्षेला नाही ते मुले किती मन लावून शिकतील, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. ते दोन आठवडे पुष्कळांनी ग्रंथालयात काढले.

न्यूरॉलॉजीचे, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि नसांच्या आजारांचे, एमबीबीएसला वेगळे पोस्टिंगच नसते. ती मेडिसिनच्या पोटात शिकवतात. पुढे एमडी करून आणखी तीन वर्षे डीएम केले की माणूस न्यूरॉलॉजिस्ट होतो. एमडी मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र 'न्यूरोची लाँग केस' हा एक बागुलबुवा असतो. परीक्षेला कोणती केस वाट्याला आली हे एकमेकांना विचारताना आमचे आवाज खाली जात.

आता नियम बदलले आहेत. 2019 पासून देशात नवा अभ्यासक्रम आला. त्यात रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, यांचे वेगळे धडे आहेत. 2021 च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपमध्ये मनोविकार विभागात दोन आठवडे काम करणे सक्तीचे झाले. हा बदल चांगला आहे, कारण नैराश्य, चिंता, व्यसन, स्मृतिभ्रंश हे आजार पहिल्यांदा मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीत. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे माझ्या बाकड्यावर वीस माणसे बसली असतील, तर त्यांत असे दोन जण असणारच. 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणून मात्र एकही जण येत नाही. ते पोटदुखी, डोकेदुखी आणि अशक्तपणा घेऊन येतात.

तळपायावरची किल्ली

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून बोटांकडे एखादी बोथट वस्तू ओढली, तर निरोगी प्रौढ माणसाचा अंगठा खाली वाकतो. मेंदूकडून पायाकडे येणाऱ्या तारेला मेंदूत किंवा मज्जारज्जूत कुठे इजा झाली असेल, तर अंगठा वर उचलला जातो. जोसेफ बाबिन्स्की या पॅरिसच्या डॉक्टरांनी 1896 साली ही खूण जगापुढे मांडली. तान्ह्या बाळांमध्ये अंगठा वर जाणे स्वाभाविक असते, कारण त्यांच्या त्या तारा अजून पक्क्या झालेल्या नसतात. एमआरआय यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर एका किल्लीने मेंदूच्या इजेचा माग काढत आले आहेत.

न्यूरॉलॉजी शिकताना विद्यार्थ्याला पहिला प्रश्न घालून देतात तो 'कुठे?' हा. आजार कोणता हे नंतर. आधी बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत आहे, नसेत आहे की स्नायूत, ते ठरवायचे. वीज गेली की वायरमन आधी बघतो, फक्त आपल्या घरची गेली की साऱ्या गल्लीची? तसेच हे. हात आणि पाय एकाच बाजूचे गेले आणि तोंडही वाकडे झाले, तर बिघाड बहुधा मेंदूत. कमरेखालचे दोन्ही पाय गेले आणि लघवी अडली, तर मज्जारज्जूकडे बघा. दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारखी बधिरता आली, तर नसांकडे बघा, आणि साखर तपासा.

यासाठी लागणारे सामान एका पिशवीत मावते. रबरी हातोडी, कापसाचा बोळा, छोटी बॅटरी, आणि 128 हर्ट्झचा कंपनकाटा, म्हणजे आम्ही शाळेत विज्ञानाच्या तासाला वाजवायचो तसा चिमटा. तो वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि विचारतात, "थरथर कळते का? थांबली की सांगा." ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या माणसाला पुष्कळदा ही थरथर कळत नाही. कट्टर शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या घरांत अशी माणसे मला नियमित भेटतात. त्यांची तक्रार मोठी बोलकी असते: "डॉक्टर, बेसिनवर तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की पुढे पडल्यासारखं होतं." डोळे उघडे असताना नजर तोल सांभाळून घेते. डोळे मिटले की सगळी भिस्त पायांतून येणाऱ्या जाणिवेवर राहते, आणि तीच कमी झालेली असते. हे एक वाक्य नीट ऐकले, तर निम्मे निदान तिथेच होते.

पण अंगठा वर गेला की खाली, हे ओळखणे पुस्तकात वाटते तितके सोपे नसते. काहींना गुदगुल्या होतात आणि ते अख्खा पाय ओढून घेतात. काहींचा अंगठा हलतच नाही. म्हणून एकाने पाहिले, दुसऱ्याने पाहिले, मग सरांनी पाहिले, असे होते. गवयाचा कान जसा ऐकून ऐकून तयार होतो, तसा हा हात आणि हा डोळा करून करूनच तयार होतो. त्या आजोबांच्या पायाशी उभ्या राहिलेल्या पाच मुलांपैकी एखादा उद्या तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल. समोरच्या बाईचा पाय 'असाच सुन्न' झाला आहे की तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवायचे, हे त्याला तिथे पाच मिनिटांत ठरवावे लागेल. तिथे एमआरआय नसेल. सोबत असेल ती आजोबांच्या तळपायाची आठवण.

जिथे हातोडी चालत नाही

मनोविकारशास्त्रात सामानाची पिशवी नसते. दोन खुर्च्या असतात. विद्यार्थ्याला सगळ्यात अवघड जाते ते हेच. आपण काही करत आहोत असे त्याला वाटतच नाही.

खरे तर तिथेही तपासणीची एक रीतसर चौकट आहे. माणूस आत आला कसा, कपडे कसे, नजरेला नजर देतो का, बोलण्याचा वेग काय, मनःस्थिती कशी, विचार एका धाग्याने पुढे जातात की मध्येच तुटतात, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात का, लक्ष लागते का, स्मरण कसे आहे, आणि आपल्याला काही आजार आहे असे त्याला स्वतःला वाटते का. यातले अर्धे बघायचे असते, अर्धे विचारायचे असते. बघण्याची सवय लागली की दारातून आत येणारा माणूस खुर्चीत बसेपर्यंतच पुष्कळ काही सांगून जातो.

आमचे एक शिक्षक आम्हाला रुग्णासमोर बसवून सांगत, "पहिली पाच मिनिटं तू काही बोलायचं नाहीस." वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला पाच मिनिटे गप्प बसणे म्हणजे शिक्षाच. दोन मिनिटे शांततेत गेली की आमचा जीव कासावीस होई. पण तिसऱ्या मिनिटाला समोरचा माणूस मूळ गोष्टीवर येई. झोपेच्या गोळीसाठी आलेली बाई धाकट्या मुलाच्या कर्जाबद्दल बोलू लागे. ती बाई आधी चार डॉक्टरांकडे जाऊन आलेली असे. तिथे तिला बहुधा तिसरे मिनिट मिळालेले नसे.

याच खुर्चीत बसून आणखी एक प्रश्न शिकायचा असतो: "जगणं नको, असं मनात येतं का? जीव द्यावा असं वाटतं का?" हा प्रश्न तोंडातून काढायला मुले घाबरतात. घरचेही घाबरतात. 'विचारलं तर उगाच डोक्यात भरेल' असे त्यांना वाटते. तसे होत नाही. सरळ शब्दांत, मायेने विचारले तर आत्महत्येचा विचार बळावत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने माणसाला बोलायला वाट मिळते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

'आज वार कोणता?'

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. वार, तारीख, ठिकाण विचारणे ही मेंदूच्या कामाची चाचणी आहे. 1975 साली अमेरिकेत अशा प्रश्नांची तीस गुणांची एक चाचणी तयार झाली आणि ती जगभर पसरली. तीन वस्तूंची नावे सांगायची आणि थोड्या वेळाने परत विचारायची. शंभरातून सात वजा करत जायचे. एक वाक्य लिहायचे.

ही चाचणी आपल्याकडे जशीच्या तशी लावली की गंमत होते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला शंभरातून सात वजा करायला सांगितले तर ती गोंधळते, आणि विद्यार्थी कागदावर शून्य गुण लिहितो. त्याच आजीला विचारा, "पन्नासची नोट दिली, बारा रुपयांची कोथिंबीर घेतली, परत किती आले?" उत्तर लगेच येते, आणि वर "बारा रुपयांना कुठली देतो मेला" हेही येते. म्हणजे आजीचे डोके ठणठणीत आहे. प्रश्न चुकीचा होता. निरक्षर वृद्धांसाठी वेगळे प्रश्न हवेत हे भारतातल्या संशोधकांनी ओळखले आणि हिंदी भाषकांसाठी तशी चाचणी तयारही केली.

आमच्या भागात मी तारखेऐवजी दुसरेच विचारतो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी विश्रांतवाडीवरूनच पुण्यात जाते. रस्त्याच्या कडेला सारे घर उभे राहते. तेव्हा वयस्कर माणसाला विचारावे, "आजी, पालखी येऊन गेली का हो? की यायची आहे?" ज्यांना इंग्रजी महिना कधीच ठाऊक नव्हता, त्यांना पालखी, गणपती, दिवाळी यांचा क्रम पक्का ठाऊक असतो. हा क्रम मोडू लागला, की मी कान टवकारतो. घरच्यांना असेही विचारतो, "स्वयंपाकाची कृती चुकते का? ओळखीच्या गल्लीत वाट चुकली का? पैशांचा हिशेब दुसऱ्याकडे सोपवला का?" वयानुसार नाव आठवायला वेळ लागणे वेगळे आणि रोजची कामे मोडू लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात तपासणी हवी.

भाषेचा अडथळा पुष्कळ ठिकाणी येतो. शिकायचे पुस्तक इंग्रजी, केसपेपर इंग्रजी आणि रुग्ण सांगतो की 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या येतात', 'आतून उकळतं', 'कशातच मन लागत नाही'. विद्यार्थी या सगळ्याचे एका इंग्रजी शब्दात रूपांतर करतो आणि मूळ तक्रार त्यात विरघळून जाते. चांगले शिक्षक म्हणूनच सांगतात की रुग्णाचे वाक्य आधी त्याच्याच शब्दांत लिही.

भिंतीच्या आत

येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 2,540 खाटांचे, राज्यातले सर्वांत मोठे. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथेही अशी सरकारी रुग्णालये आहेत. विद्यार्थी असताना आम्हाला तिथे पहिल्यांदा नेले, तेव्हा गाडीत चेष्टा चालू होती. फाटकातून आत गेल्यावर ती आपोआप थांबली. आरडाओरडा, साखळदंड असे काहीतरी दिसेल ही आमची समजूत सिनेमाने करून दिलेली. दिसले ते मोठे आवार, झाडे, वाफ्यांत काम करणारे लोक. एका गृहस्थांनी आम्हाला "कितव्या वर्षाला?" असे विचारले आणि "अभ्यास करा" असा सल्ला दिला. बरेच लोक बरे होऊन बसले होते. त्यांना न्यायला घरचे कोणी आले नव्हते. आजार औषधाने आटोक्यात येतो, पण पत्ता बदलून गेलेले घर औषधाने सापडत नाही, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

तेव्हापासून कायदाही बराच पुढे आला आहे. 1912 च्या कायद्यात 'वेडेपणा' हाच शब्द होता. 1987 च्या कायद्याने तो काढला. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला आणि त्याने रुग्णाला हक्क दिले. उपचारांची माहिती मिळण्याचा, गोपनीयतेचा, माणुसकीने वागवले जाण्याचा. साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे.

याच परिसरात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. ते सुरू झाले 29 ऑगस्ट 1986 रोजी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. डॉ. अनिल अवचट यांच्यासह त्यांनी हे काम उभे केले. व्यसन ही चारित्र्याची खोट नसून आजार आहे, हे आमच्या पिढीतल्या किती तरी डॉक्टरांना वर्गापेक्षा मुक्तांगणमुळे कळले. ससूनमधल्या मनोविकार विभागाचे डॉ. मोहन आगाशे हे तुम्हाला 'घाशीराम कोतवाल'मधले नाना म्हणून माहीत असतील. मनोविकारशास्त्राच्या या प्राध्यापकांनी पुढे 'अस्तु' चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. घरात असा रुग्ण असेल तर सर्वांनी मिळून तो चित्रपट बघा, असे मी सांगतो. मुलीची जी घालमेल तो दाखवतो, ती केसपेपरवर कधीच येत नाही.

दोन विभाग, एक डोके

मेंदूचा विभाग एका इमारतीत, मनाचा दुसऱ्या इमारतीत, ही सोय माणसाने केली आहे. आजार ती पाळत नाहीत. सिग्मंड फ्रॉइड मुळात नसांचे आणि मेंदूचे डॉक्टर. ते 1885 मध्ये पॅरिसला गेले ते शार्को या मेंदूविकारतज्ज्ञांकडे शिकायला. त्या काळी मनोरुग्णालयात भरती असलेल्या अनेकांना खरे तर सिफिलिस होता आणि तो मेंदूपर्यंत पोचला होता. पुढे पेनिसिलिन आले आणि ते 'वेड' जवळजवळ नाहीसे झाले. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत मन आणि मेंदू हे दोन्ही विषय एकाच आवारात नांदतात, तेही याच विचाराने.

रोजच्या व्यवहारातली उदाहरणे सांगतो. सत्तरी ओलांडलेले, काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित असलेले गृहस्थ रात्री अचानक मुलाला ओळखेनात, भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागले. घरच्यांना वाटते वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली. अशा वेळी रक्तातले सोडियम कमी झालेले सापडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांत असे होऊ शकते. कधी लघवीतला जंतुसंसर्ग असतो, कधी न्यूमोनिया. याला डेलिरियम म्हणतात. खूण लक्षात ठेवा. तासा-दिवसात अचानक सुरू होते, दिवसभरात कमी-जास्त होते, रात्री वाढते, आणि माणसाचे लक्ष एका जागी ठरत नाही. हा शरीराचा तातडीचा आजार आहे. मूळ कारण सापडले की बहुतेक जण पूर्ववत होतात.

दुसरे उदाहरण. विशीतली मुलगी आठ-दहा दिवसांत बदलली. झोप नाही, असंबद्ध बोलणे, भीती. मग एक फिट आली, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या. 2007 साली डॉक्टरांनी एका आजाराचे वर्णन केले, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर हल्ला करते. मी शिकत होतो तेव्हा याला नावही नव्हते. आज त्यावर उपचार आहेत आणि पुष्कळ रुग्ण बरे होतात. पण कोणीतरी 'फिट केव्हा आली, ताप होता का' हे विचारायला हवे.

आणि याच्या उलटही. फिट येते म्हणून वर्षानुवर्षे अपस्माराच्या गोळ्या खाणाऱ्या काहींच्या फिट्स मुळात अपस्माराच्या नसतात. त्या मनावरच्या ताणातून येतात. ते नाटक नसते, रुग्ण मुद्दाम करत नसतो, आणि उपचार वेगळे असतात. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णाला हात थरथरण्याच्या कितीतरी आधी नैराश्य आलेले असू शकते. थायरॉइड मंदावला तर माणूस उदास आणि सुस्त होतो. म्हणून मेंदू शिकणाऱ्याला मन शिकावे लागते आणि मनाच्या डॉक्टरला हातोडी ठेवावी लागते. आमच्यासारख्या फिजिशियनला तर दोन्ही, कारण दार आमचे ठोठावले जाते.

विद्यार्थी तुमच्या खाटेशी आले तर

आता थोडे तुमच्यासाठी.

• विद्यार्थ्याने आधी नाव सांगावे, आपण शिकत आहोत हे सांगावे आणि परवानगी विचारावी. तुम्ही 'आत्ता नको, दमलो आहे' म्हणू शकता. त्याने तुमच्या उपचारात काही फरक पडता कामा नये.

• स्त्री रुग्णाची तपासणी होताना सोबत स्त्री असावी. पडदा लावून मागा. मनाच्या गोष्टी सगळ्या वॉर्डासमोर सांगायच्या नसतील, तर बाजूला बसून बोलायला सांगा.

• चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा.

• फिट येत असेल तर आधी रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. ते अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरला तासाभराच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा.

• दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या यांबद्दल खरे सांगा. दारू अचानक बंद झाल्याने दोन-तीन दिवसांत भ्रम आणि फिट येऊ शकते. लपवले तर निदान भरकटते.

• 'आधी कसे होते?' हे फक्त घरचेच सांगू शकतात. अबोल माणूस अबोल राहिला तर तो आजार नाही. बडबड्या माणूस अबोल झाला तर ती तक्रार आहे.

• तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यात जेवढी मिनिटे वाचतील तेवढा मेंदू वाचतो.

मनाची घालमेल असह्य झाली आणि कोणाशी बोलावे ते कळत नसेल, तर टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

त्या आजोबांच्या मुलीला मी एवढे सगळे सांगितले नव्हते. बाहेर गर्दी होती. तिला एवढेच म्हणालो की पुढच्या खेपेला पोरांना विचारा, "काय दिसलं रे, मलाही सांग." ज्याला नीट समजले असेल तो सोप्या मराठीत सांगेल. ज्याला सांगता येणार नाही, तो संध्याकाळी पुस्तक उघडेल. दोन्हीत फायदा आपलाच आहे.